लेणं गळतंय, तर आधी डोंगरावर चढा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावाच्या डोंगरात, अर्ध्या कड्यावर, खडकात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे. चार खांबांचा मंडप, मागे गाभारा, त्यात शिवलिंग, बाहेर झिजलेला नंदी. पावसाळ्यात मंडपाचं छत गळतं, भिंतींना पांढरं फुटतं आणि एका खांबाचा पायथा हाताने चोळला तरी भुगा होऊन पडतो. एका देणगीदारांनी चांगली रक्कम देऊ केली आहे. ट्रस्टच्या बैठकीत जवळजवळ ठरलंय की वरून सिमेंटचा कोबा करायचा, आत फरशी, भिंतींना ऑइलपेंट आणि तोंडाला लोखंडी ग्रिल, आणि सगळं महाशिवरात्रीच्या आत. तुम्हा तरुण मंडळींचा याला विरोध आहे, पण "मग काय करायचं ते सांगा" असं जाणत्यांनी विचारलं तेव्हा तुमच्याकडे उत्तर नव्हतं.

मी नाशिकला राहून गेली २८ वर्षं दगडी वास्तूंच्या आणि लेण्यांच्या जतनाचं काम करतोय. त्या अनुभवावरून पहिली विनंती: महाशिवरात्रीची मुदत सोडून द्या. एक अख्खा पावसाळा लेण्याशेजारी उभं राहून बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. गावाला हे पटवणं अवघड जाईल, मला कल्पना आहे. पण ते लेणं काही शतकं त्या कड्यात आहे, आणखी एक पावसाळा ते नक्की काढेल. घाईने टाकलेला कोबा मात्र पुढची पन्नास वर्षं निघणार नाही.

बांधलेलं देऊळ आणि कोरलेलं देऊळ यांत फरक काय, तो आधी ट्रस्टच्या मंडळींसमोर मांडा. बांधलेल्या देवळाचा एखादा दगड फुटला तर बदलता येतो. वेळ आली तर दगडांवर क्रमांक टाकून अख्खं देऊळ उतरवून पुन्हा रचता येतं. लेण्यात डोंगर हाच पाया, डोंगर हीच भिंत आणि डोंगर हेच छप्पर. तिथे जोडलेलं काहीच नसतं, म्हणून बदलण्यासारखंही काही नसतं. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वरून खाली कोरत आणलं. आधी शिखर, मग मंडप, मग पायथा. एखादा दगड चुकून जास्त उडाला तर तो परत बसवायची सोय त्या पाथरवटांना नव्हती. आपल्यालाही नाही. त्यांनी घेतली तेवढीच काळजी आपण घ्यायची आहे.

तुमचा डोंगर कसा बनलाय ते माहीत असलं की गळतीचं अर्धं कोडं सुटतं. आपल्याकडचे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. प्रत्येक थर सारखा नसतो. काही थर एकसंध, घट्ट काळा पाषाण असतात. काही थरांत लाव्हातल्या वायूंचे बुडबुडे राहून पोकळ्या पडलेल्या असतात, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात तो. आणि दोन थरांच्या मध्ये अनेकदा तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. जुन्या कोरणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. ते घट्ट थर निवडून आत शिरत. पण त्या घट्ट थराच्या डोक्यावर काय आहे हे त्यांच्या हातात नव्हतं. माथ्यावर पडलेला पाऊस मुरमातून खाली उतरतो, तांबड्या पट्ट्याला अडतो, आडवा वाहतो आणि जिथे चीर मिळेल तिथून खाली येतो. तुमच्या मंडपात जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. ती वीस फूट मागे असू शकते, डोंगराच्या वरच्या टप्प्यावरही असू शकते.

म्हणून लेणं गळतंय, तर आधी डोंगरावर चढा. पावसात चढा. छत्री, वही, मोबाइल आणि सोबतीला गुरं चारणारा एखादा म्हातारा माणूस, एवढंच लागतं. त्या माणसाला पाणी कुठे साचतं आणि कुठे गडप होतं हे कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. आत मंडपात दुसऱ्या कोणाला तरी बसवा. पाऊस सुरू झाल्यावर छताचा पहिला थेंब किती वेळाने पडला आणि पाऊस थांबल्यावर ठिबकणं किती दिवस चाललं, या दोनच गोष्टी रोज लिहायच्या. अर्ध्या-पाऊण तासात थेंब आला तर वर कुठेतरी उघडी चीर आहे आणि ती सापडण्यासारखी आहे. दोन दिवसांनी आला आणि नवरात्रापर्यंत ठिबकत राहिला तर पाणी डोंगराच्या पोटात साठून सावकाश पाझरतंय. या दोन दुखण्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यात चीर बुजवावी लागते, दुसऱ्यात पाणी वरच्या वर बाजूला न्यावं लागतं. कोबा घालणारा ठेकेदार हा फरक विचारत नाही, दोन्हींवर तोच माल ओततो.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवल्याकडे ५०० च्या आसपास. त्यामुळे दुसऱ्या तालुक्यात चाललेला उपाय तुमच्याकडे जसाच्या तसा चालेल असं समजू नका.

पाण्याचा विचार हा काही आमच्या पिढीने लावलेला शोध नाही. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातली पांडवलेणी सगळ्यांनी पाहिलेली असतात. ती बौद्ध लेणी, तुमच्या देवळाहून कितीतरी जुनी, पण धडा तोच आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो' असं सांगतो. लेणं कोरवलं आणि या पोढीही. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेणं आणि टाकं एकाच वाक्यात येतात, कारण डोंगर कोरायचा तर त्याच्या पाण्याची सोय लावणं हा कामाचाच भाग होता. तुमच्या लेण्याच्या आजूबाजूला नीट शोधा. बुजलेलं टाकं, खडकात कोरलेली पन्हळ, दर्शनी भागाच्या वरच्या कडेला खोदलेली बारीक खाच यांतलं काहीतरी सापडण्याची बरीच शक्यता आहे. ती खाच अशासाठी असते, की कड्यावरून ओघळणारं पाणी आत न वळता तिथेच तुटून पागोळीसारखं बाहेर पडावं. शेकडो वर्षांच्या मातीने ती भरलेली असते. मी अशी लेणी पाहिली आहेत जिथे नुसती ती पन्हळ हाताने, खुरप्याने, लाकडी काडीने मोकळी केली आणि निम्मी गळती थांबली. खर्च म्हणाल तर चार माणसांची दोन दिवसांची मजुरी. हे काम मात्र तुम्ही या उन्हाळ्यात करू शकता. सब्बल आणि पहार वापरू नका. काढलेली माती चाळून बघा, त्यात खापरं, नाणी, मूर्तीचे तुकडे निघाले तर काम थांबवून फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

दुसरं, लेण्याच्या कपाळाच्या, म्हणजे दर्शनी भागावरच्या कड्याच्या, वर दहा-पंधरा फुटांवर उतारावर एक चर काढावी लागेल. पाणलोटाच्या कामात काढतो तशी समतल चर इथे चालणार नाही, कारण ती पाणी जिरवते. आपल्याला पाणी जिरवायचं नाही, पळवायचं आहे. म्हणून चरीला एका बाजूला उतार हवा, शंभर फुटांत एक फूट पुरतो, आणि तळाला चुन्याचा थर. पाणी लेण्याच्या अंगावरून न जाता दूरच्या ओघळीला मिळालं पाहिजे. हे काम हाताने करायचं. जेसीबी डोंगरमाथ्यावर नेऊ नका. मशीनच्या धक्क्याने सैल दगड हलतात आणि तिच्या चाकोऱ्यांतच पुढे पाणी साचतं. माथ्यावरचं गवत राहू द्या, ते माती धरून ठेवतं. वृक्षारोपणाचा कार्यक्रम मात्र लेण्याच्या डोक्यावर कधीच घेऊ नका. गावोगावी हे होतं, चांगल्या मनाने होतं, आणि वीस वर्षांनी वडा-पिंपळाची मुळं छतातून खाली उतरतात.

आधीच उगवलेला उंबर किंवा पिंपळ उपटायचा नाही. मूळ चिरेत फुगलेलं असतं. ते ओढलं की दगडाचा तुकडा सोबत येतो. बुंधा खालून कापायचा, कापलेल्या ताज्या लाकडाला भोक पाडून त्यात झाडमारक औषध भरायचं, वरून चिखल लिंपायचा. मूळ आतल्या आत मरून सुकलं की मग पोकळी चुन्याने भरायची. एक-दोन वर्षं जातात. मधल्या काळात नवे फुटवे खुडत राहावं लागतं, आणि हे काम मंडळातल्या मुलांनीच अंगावर घ्यावं, ठेकेदार दुसऱ्यांदा फिरकत नाही.

आता सिमेंट. याविषयी मी तावातावाने बोलतो, कारण मी ते स्वतः केलंय. कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. जिल्ह्यातल्या एका छोट्या शैव लेण्याच्या कपाळावरची भेग आम्ही सिमेंटने बुजवली. सल्ला वरिष्ठांचा होता, पण उभं राहून काम करून घेणारा मी होतो, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. पहिल्या पावसात गळती बंद झाली. गावाने आमचा नारळ देऊन सत्कार केला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा पाणी चार फूट डावीकडे सरकलं होतं आणि नेमकं द्वारपालाच्या मूर्तीतून पाझरत होतं. त्याच्या चेहऱ्याचा पापुद्रा सुटून पडला होता. नाक, ओठ, एक गाल, सगळं जमिनीवर पिठासारखं. गावातल्या पुजारीबाईंनी तो भुगा कागदात गोळा करून ठेवला होता. तो माझ्या हातात देऊन त्या काहीच बोलल्या नाहीत.

काय झालं होतं ते नंतर कळलं. खडक श्वास घेतो, म्हणजे त्यातली ओल वाफ होऊन पृष्ठभागातून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल शेजारच्या मऊ दगडाकडे वळते. सोबत सिमेंटमधले विरघळलेले क्षार घेऊन जाते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक होऊन फुगतात. दर वर्षी थोडं थोडं. शेवटी वरचा पापुद्रा सुटतो, आणि कोरीवकाम असतं ते त्या पापुद्र्यातच. शिवाय सिमेंट आजूबाजूच्या झिजलेल्या दगडापेक्षा कडक, म्हणून ताण आला की ते टिकतं आणि दगड फुटतो. दुरुस्तीचा माल मूळ दगडापेक्षा जरा मऊच असावा, हा आमच्या कामातला पहिला पाठ. झिजायचं तर त्याने झिजावं, दगडाने नाही.

त्याच कारणाने फरशी नको. तुमच्या खांबाचा पायथा भुगा होतोय तो अशाच ओलीमुळे. जमिनीतली ओल दिव्याच्या वातीसारखी खांबात वर चढते, दोन-तीन फुटांवर येऊन वाळते आणि तिथे क्षार सोडते. कित्येक जुन्या लेण्यांत खांबाचा खालचा भाग झिजून नाहीसा झालाय आणि वरचा तुकडा छताला लोंबकळतोय, तो याच पद्धतीने. आज जमीन उघडी आहे म्हणून बरीच ओल जमिनीतूनच उडून जाते. चकचकीत फरशी घातलीत की ती सगळी ओल भिंतीत आणि खांबांत चढेल. लोक घसरून पडतील ते वेगळंच. पायाला गार लागतं म्हणून फरशी हवी असेल तर सुतळीच्या चटया टाका. पावसाळ्यात उचलून ठेवता येतात.

खांबावर सध्या काहीच थापू नका. लेण्याचा खांब बांधलेल्या देवळातल्या खांबासारखं सगळं छत पेलत नसतो, वरचा खडक बराचसा भार स्वतःच बाजूला नेतो. पण तुमचं छत कितपत एकसंध आहे हे पाहिल्याशिवाय त्या भरवशावर राहू नये. छतावर, खांबाच्या माथ्याजवळ एखादी भेग दिसतेय का पहा. असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरच्या ठिपक्याने चिकटवा आणि शेजारी कागदावर तारीख लिहा. पट्टी साध्या दगडावर लावायची, कोरीव भागावर नाही. वर्षभरात काच अखंड राहिली तर भेग जुनी आहे, निवांत आहे. तडकली तर डोंगर हलतोय, मग भूवैज्ञानिक आणि लेण्यांचा अनुभव असलेला अभियंता यांना बोलवावंच लागेल. जवळपास खडी क्रशर असेल आणि सुरुंग लागत असतील तर त्या तारखाही वहीत लिहून ठेवा. पुढे तहसीलदारांकडे तक्रार द्यायची वेळ आली तर तुमच्या म्हणण्याला ती वहीच आधार देईल.

भेग भरायची वेळ येईल तेव्हा माल चुन्याचाच. महिनाभर पाण्यात मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, आणि रंग जुळावा म्हणून त्याच काळ्या दगडाचा बारीक चुरा. आत खोलवर जाणाऱ्या चिरेत पातळ चुना हळूहळू, दाब न देता सोडतात. मोठा सैल दगड बांधायची गरज पडली तर सळई स्टेनलेस स्टीलची हवी. साधं लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा घेतं आणि ज्या दगडाला धरायला घातलं त्यालाच फोडतं. हे काम दिवाळीनंतर, थंडीत करावं आणि ओल्या गोणपाटाने दोन-तीन आठवडे भिजतं ठेवावं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात चुना सुकून तडकतो. चुन्याच्या कामाचे जुने गवंडी अजून जिल्ह्यात आहेत. वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारलंत की नावं मिळतील.

भिंतीवरच्या पांढऱ्याविषयी तुम्ही फोटो पाठवला असता तर बरं झालं असतं, कारण पांढरं दिसणारं सगळं एकच नसतं. ओला कापूस लावून बघा. विरघळलं आणि पावसाळ्यानंतर नव्याने येत असेल तर ते क्षार. मऊ कोरड्या ब्रशने झटकायचं आणि खाली कागद धरून गोळा करून बाहेर टाकायचं, नाहीतर ते पुन्हा जमिनीत मुरतं. पाण्याने धुतलंत तर क्षार परत आत जातील. जे विरघळत नाही, चमकतं, दगडातल्या छोट्या खळग्यात बसलेलं दिसतं, ते झिओलाइट असेल. लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेलं खनिज आहे ते. नाशिक परिसरातल्या खाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत. लेण्यातले कृपा करून खरवडून काढू नका, घरीही नेऊ नका.

ऑइलपेंटच्या बाजूने एक मुद्दा तुमच्या बैठकीत नक्की येईल, आणि तो खोटा नाही. पूर्वी लेण्यांना रंग असायचा. कैलास लेण्यावर पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष अजून दिसतात, आणि लोक त्याला रंगमहाल म्हणत. खरं आहे. पण तो गिलावा चुन्याचा, पातळ, ओल सोडणारा होता. ऑइलपेंट म्हणजे दगडाला गुंडाळलेलं प्लास्टिक. रंगाखाली ओल कोंडते आणि दोन-तीन वर्षांत रंगाचे पोपडे दगडाची पूड घेऊन खाली येतात. मग पुन्हा रंग, पुन्हा पोपडे. दर वेळी मूर्तीच्या बोटांच्या, दागिन्यांच्या कडा बोथट होत जातात.

तज्ज्ञ आणले तरी चुका होतात, हेही सांगायला हवं. अजिंठ्याची चित्रं वाचवायला १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले होते. त्यांनी सुटणारा गिलावा मनापासून घट्ट केला, आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो लेप पुढे पिवळा पडला, काळवंडला, आणि तो उतरवण्यात भारतीय रसायनतज्ज्ञांच्या पुढच्या पिढ्या खपल्या. तेव्हा कोणी कितीही मोठ्या पदाचा माणूस तुम्हाला चमकदार लेप सुचवायला आला, तर एवढंच विचारा: उद्या हा काढायचा झाला तर निघेल का? उत्तर गोलमोल आलं तर नको म्हणा.

शेंदुराची गोष्ट जरा निराळी. तुमच्या लेण्यात गणपती आणि एक देवी शेंदराखाली आहेत असं लिहिलंय. सप्तशृंगगडावर काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. भगवतीची मूर्ती कड्याच्या खडकातच कोरलेली, आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. २०२२ मध्ये मंदिर बंद ठेवून तो काढला, हजार किलोंहून जास्त निघाला, आणि आतलं मूळ रूप त्या वर्षीच्या नवरात्रात भक्तांना दिसलं. ते पाहून आपणही शेंदूर काढावा असं कोणालाही वाटेल. माझं म्हणणं, घाई करू नका. गडावर ते काम जाणकारांनी, धर्मशास्त्र आणि विज्ञान दोन्हींची सांगड घालून केलं. तुमच्याकडे कोणी छन्नी घेऊन बसेल, किंवा गॅसच्या ज्योतीने शेंदूर वितळवेल, आणि तापलेला दगड तडकेल. शेंदराचा थर भक्कम असेल तर आतली मूर्ती सुरक्षित आहे. नवा शेंदूर चढवणं मात्र कमी करा. वर्षातून एकदा, पातळ, हे गावाला मान्य होतं असा माझा अनुभव आहे.

पूजा बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. पूजा असलेल्या लेण्याला रोज बघणारा माणूस असतो. मनमाडजवळच्या अणकाईच्या किल्ल्यावर अर्धवट राहिलेली शैव लेणी आहेत, तिथे जाऊन बघा, म्हणजे माणसांचा रोजचा वावर सुटला की लेण्याचं काय होतं ते कळेल. पण काही सवयी बदलता येतात. दूध, दही, मध, साखर यांचा अभिषेक थेट दगडावर रोज होतो तेव्हा बुरशी आणि मुंग्यांना मेजवानी मिळते आणि आंबलेल्या दुधाने दगड खडबडीत होतो. पंचामृत उत्सवमूर्तीवर किंवा तांब्याच्या ताम्हणात, आणि मूळ लिंगावर शुद्ध पाणी, असं अनेक ठिकाणच्या पुजाऱ्यांनी स्वखुशीने केलंय. लिंगाच्या पीठाची पन्हळ जिथे बाहेर पडते ती वाट रोज साफ ठेवा. ती तुंबली की अभिषेकाचं सगळं पाणी गाभाऱ्यात जिरतं, आणि तुमच्या भिंतींची निम्मी ओल कदाचित तिथलीच असेल. पावसाळ्याला दोष देण्याआधी हे तपासा. उन्हाळ्यात गाभाऱ्याची भिंत ओली असेल तर उत्तर मिळालंच. तेलाचे दिवे भिंतीपासून दोन हात दूर, खाली परात ठेवून. नारळ बाहेर फोडायचा. कापूर मंडपाबाहेर.

काजळी धुवायला ॲसिड, तारेचा ब्रश किंवा गाड्या धुण्याचं प्रेशर मशीन कोणालाही आणू देऊ नका. फरशी चमकवायला मिळणारं ॲसिड लेण्याच्या भिंतीवर टाकलेलं मी पाहिलंय. दगड पांढुरका होतो आणि तो परत पूर्वीसारखा होत नाही. काजळीचं काम रसायनतज्ज्ञाचं. तोही आधी एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर प्रयोग करून, चार दिवस थांबून मग पुढे जातो. न थांबणाऱ्याला काम देऊ नका.

ग्रिलचं म्हणाल तर चोरीची भीती खरी आहे. पण लोखंडी चौकट दगडात भोकं पाडून बसवू नका. जमिनीवर स्वतःच्या वजनावर उभी राहणारी, हवा खेळू देणारी चौकट करता येते. काच किंवा पत्रा अजिबात नको, हवा कोंडली की आतली ओल वाढते. वटवाघळं असतील तर धूर करून हाकलू नका. त्यांच्या विष्ठेने दगड खराब होतो हे खरं, म्हणून खाली ताडपत्री अंथरून दर आठवड्याला उचलत जा, आणि कायमचा उपाय वन विभागाला विचारून करा. आग्या मोहोळाला तर मशाल लावायचीच नाही. माणसं जखमी होतात आणि दगड काळा पडून तडकतो.

कायद्याचं पाहिलंच पाहिजे, कारण चांगल्या हेतूने केलेलं कामही गुन्हा ठरू शकतं. तुमचं लेणं केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का ते आधी राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक विभागीय कार्यालयात विचारा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा. कुठल्याच यादीत नसेल तरी डोंगर बहुधा वन विभागाचा असतो, तेव्हा चर खणायलासुद्धा त्यांची परवानगी घ्या. यादीत नसलेल्या लेण्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांच्यावर कोणाची नजर नसते, आणि आता २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे जिल्हाभर सुशोभीकरणाचा उत्साह आहे.

तुम्ही देणगीदारांविषयी विचारलं होतं की त्यांना नाही कसं म्हणायचं. नाही म्हणू नका. त्यांच्या रकमेत माथ्यावरची चर, चुन्याचं काम, लेण्याचं मोजमाप करून नकाशे काढणं, पायवाटेच्या पायऱ्या आणि लेण्यापासून अंतरावर, परवानगी मिळेल तिथे, भक्तांना बसायला एक साधी ओसरी, हे सगळं बसेल. उत्सवमूर्तीचा खर्चही त्यांनाच सांगा, अशा देणगीचं समाधान मोठं असतं. नावाची पाटी हवी असेल तर पायवाटेच्या सुरुवातीला लावा, लेण्याच्या भिंतीत नाही. त्यांना एकदा पावसात वर घेऊन जा आणि पाणी कुठून येतं ते दाखवा. अशा दोन देणगीदारांनी ते पाहिल्यावर स्वतःहून कोब्याचा हट्ट सोडलेला मी पाहिलाय.

आत्ता, या आठवड्यात, एवढं करा. लेण्याच्या प्रत्येक भिंतीचे, खांबाचे, मूर्तीचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. उभं राहायच्या जागा खडूने जमिनीवर खुणावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तिथूनच तेच फोटो काढता येतील. पन्हळीचा शोध घ्या. खांबाच्या पायथ्याशी पडणारा भुगा झाडून टाकू नका, डबीत तारीख लिहून ठेवा. दर महिन्याला किती जमतो ते कळलं की झीज किती वेगाने होतेय हे मला सांगता येईल. पहिला वळीव पडला की निरोप द्या, मी येतो. येताना जाड दोर मी आणेन, माथ्यावर चढणारा गुराखी तेवढा तुम्ही शोधून ठेवा.